फावल्या वेळची कला : साहींचे तांबूस केस



मागील वर्षी पर्युषणाच्या दिवसांत आमच्या पाठशाळेच्या मुलांनी कालकाचार्यांच्या कथेचा देखावा मांडला होता. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे ठेवतात, त्याच मापाची, वीतभरही उंची नसलेली शाडूची माणसे मुलांनी घडविली, वाळविली आणि रंगविली. उज्जयिनी, साध्वी सरस्वती, गर्दभिल्ल राजा, सिंधूपलीकडून आलेले साही, सारे काही होते. साही म्हणजे शकांचे सरदार. ते परदेशी म्हणून मुलांनी त्यांचे केस लाल केले, आणि लाल म्हणजे कसा? टपालपेटीचा लाल! दर्शनाला आलेल्या एका गृहस्थांनी ‘हे विदूषक कोणते?’ असे हसत विचारले. त्याचे मला फारसे काही वाटले नाही. त्यांच्यासोबतच्या लहानग्याने मात्र आईला विचारले, ‘लाल केसवाले वाईट ना?’ तो प्रश्न मनात रुतून बसला.

कारण कथेत तसे नाहीच. साध्वी सरस्वतीला पळवून नेणारा गर्दभिल्ल हा आपल्याच देशाचा राजा. तिच्या सुटकेसाठी तिचे बंधू कालकाचार्य दूरदेशी गेले आणि ज्यांना घेऊन परतले, ते हे साही. आमच्या हातच्या एका भडक रंगाने बालमनात साह्यकर्त्यांना खलनायक करून टाकले होते. चूक मुलांची नव्हती. त्यांच्या हातात तयार लाल रंगाची बाटली आणि कुंचला देऊन स्वयंपाकघरात निघून गेलेली मी, चूक माझी होती. यंदा तोच देखावा पुन्हा मांडायचे ठरले, तेव्हा नातीने मला बजावले, ‘दादी, या वेळी केस खरे दिसले पाहिजेत.’ त्या ‘खरे’ शब्दापायी आम्ही दोघी दोन महिने कामाला लागलो. त्यातून जे शिकलो, ते आज वाचकांपुढे ठेवते.

प्रथम प्रश्न असा की साहींचे केस तांबूस असावेत याला आधार काय? कालककथेच्या जुन्या सचित्र पोथ्यांत साहींचे चित्रण मोठे लक्षवेधी आहे. पश्चिम भारतातील जैन पोथीचित्रांत माणसाचा चेहरा एका बाजूने दिसतो आणि पलीकडचा डोळा चेहऱ्याबाहेर डोकावतो. साहींचे चेहरे मात्र बहुधा तीनचतुर्थांश वळलेले असतात, डोळे तिरपे असतात, दाढी असते आणि बाहेर डोकावणारा डोळा नसतो. चित्रकारांनी आपल्या काळात पाहिलेले परदेशी शकांच्या जागी बसविले आणि परकेपणा रंगापेक्षा रेषेने दाखविला. तेव्हा तांबूस केसांची भर आमचीच. ती मात्र अगदी निराधार नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने शकांच्या शेजारी राहणाऱ्या बुदिनी नावाच्या जमातीचे केस तांबडे आणि डोळे निळे असल्याचे लिहून ठेवले आहे. मध्य आशियातील वूसून लोकांच्या तांबड्या दाढ्यांचा उल्लेख चिनी ग्रंथकारांनी केला आहे. म्हणून आम्ही ठरविले, सहा साहींपैकी दोघांचेच केस तांबूस, एकाचे तपकिरी, उरलेल्या तिघांचे काळे. सगळे परदेशी एकाच साच्यातून काढावेत, असे निसर्गाने कोठे केले आहे?

या कथेचा आपल्या जिल्ह्याशीही धागा आहे. कालकाचार्य प्रतिष्ठान नगरी सातवाहन राजाकडे आले असता, भाद्रपद शुद्ध पंचमीस इंद्रोत्सव येत असल्याने संवत्सरी चतुर्थीस करण्यात आली, असे परंपरा सांगते. अभ्यासक कालक नावाचे एकाहून अधिक आचार्य मानतात, तो विषय निराळा. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण, शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर. देखाव्यात या वर्षी पैठणचाही प्रसंग घेतला आहे.

आता प्रत्यक्ष रंगकाम. नातीला मी सांगितले, आधी खरे तांबूस केस पाहू. पण छत्रपती संभाजीनगरात ते पाहायचे कोठे? मेंदीत! आमच्या गुलमंडीच्या दुकानासमोर बसणारे वयोवृद्ध चाचा गेली कित्येक वर्षे दाढीला मेंदी लावतात. त्यांची परवानगी घेऊन नातीने वही उघडली. चाचांनी कौतुकाने खुर्ची उन्हात ओढून घेतली आणि तिला स्वतःच दाखविले की दाढीत एक रंग नाही. जे केस पांढरे झाले होते ते लखलखीत नारिंगी, जे अजून काळे आहेत त्यांवर नुसती तांबूस झाक, आणि मुळाशी नव्याने उगवलेली पांढरी किनार. मेंदीतील रंगद्रव्य केसाला चिकटते, पण मूळचा काळा रंग काढून टाकीत नाही, म्हणून असे होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यावरून मेंदी केव्हा लावली हेही ओळखता येते. नातीने वहीत पाच छटा नोंदविल्या. तिला वाटले होते, एकच मिळेल.

जन्मजात तांबूस केसांची गोष्ट थोडी वेगळी. केसांत दोन प्रकारची रंगद्रव्ये असतात, एक काळपट तपकिरी, दुसरे तांबूस पिवळे. पहिले फार थोडे आणि दुसरे भरपूर असले की केस तांबडे होतात. जगात असे लोक शंभरात एक-दोनच, त्यांचे प्रमाण सर्वाधिक स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये. त्यांची त्वचा फिकी असते, तिच्यावर बहुधा वांगासारखे बारीक ठिपके असतात, भुवया आणि पापण्याही काळ्या नसतात. इथेच बहुतेकांचा हात चुकतो. डोक्यावर तांबडे केस आणि खाली काळ्याभोर भुवया काढल्या की माणूस टोप घातल्यासारखा दिसतो.

आमची कृती अशी. वाळलेल्या शाडूवर पांढऱ्या प्रायमरचा पातळ हात द्यावा. मातीचे बाहुले ओले असतानाच सुईने केसांच्या रेषा ओढलेल्या असाव्यात, पुढचे निम्मे काम त्या रेषाच करतात. पहिला थर लाल नव्हे, तपकिरी. बर्न्ट अंबर दोन भाग आणि बर्न्ट सिएना एक भाग. तो पूर्ण वाळला की बर्न्ट सिएना पाण्यात अगदी पातळ करून सर्वत्र सोडावा, तो रेषांत उतरून बसतो. नंतर बर्न्ट सिएनात थोडा नारिंगी मिसळावा, कुंचला फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसावा आणि रेषांच्या उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. शेवटी जिथे ऊन पडेल तिथेच, म्हणजे माथ्याच्या वळणावर आणि दाढीच्या फुगीर भागावर, यलो ऑकर मिसळून चार-सहा बारीक रेघा. उजळपणासाठी पांढरा घालू नये, तांबडा त्याने गुलाबी होतो. सावलीसाठी काळा घालू नये, तांबडा त्याने मळका होतो. सावलीला तपकिरीतच हिरव्याचा एक थेंब पुरतो. भुवया फिक्या तपकिरी. गालावर आणि नाकाच्या शेंड्यावर किंचित लाली. एवढ्याशा बाहुल्यावर खऱ्या उजेडाच्या सावल्या पुरेशा पडत नाहीत, म्हणून त्या आपणच रंगवायच्या असतात. मात्र रंग खऱ्यापेक्षा थोडा मवाळ ठेवावा, लहान आकारावर भडकपणा दुप्पट दिसतो.

याच सुमारास आम्ही एक दिवस काढून अजिंठ्यास गेलो. पहिल्या लेण्याच्या छतावर उंच टोप्या, दाढ्या आणि पट्ट्यांचे मोजे घातलेले परदेशी रंगविलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी असल्या आकृतींचा संबंध पुलकेशी दुसरा याच्या दरबारी आलेल्या इराणी वकिलातीशी जोडला होता. पुढे चित्रे त्याहून जुनी, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, असे मत प्रबळ झाल्यावर तो तर्क मागे पडला. नातीला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. तिथली लाली कोठेही किंचाळत नव्हती. त्या चित्रकारांचे तांबडे आणि पिवळे मुख्यतः गेरू आणि काव यांचे, म्हणजे लोहयुक्त मातीचे, दिव्याच्या काजळीचा काळा, आणि दूरच्या बदख्शानातून येणाऱ्या राजवर्ती दगडाचा निळा. आपल्या नळीतील बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर हे त्याच गेरू-कावेच्या कुळातले. दुसरा धडा खेदाचा. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी सुटणारा रंग धरून ठेवण्यासाठी चित्रांवर लाखेचा थर दिला. हेतू चांगला होता, पण लाख पुढे पिवळी-तपकिरी पडली. आज कोणाचे केस मुळात कोणत्या छटेचे होते, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे कठीण. म्हणून आमच्या बाहुल्यांवर चकचकीत वॉर्निश नाही, चमक नसलेल्या अ‍ॅक्रिलिक वॉर्निशचा एकच पातळ हात.

आणि आता जी गोष्ट सांगताना लेखणी अडखळते, ती. बारीक रेघांसाठी मी माहेरून आणलेला एक जुना कुंचला वापरत असे. टोक सुईसारखे, पाणी सुरेख धरणारा. नातीने सहज विचारले, ‘दादी, याचे केस कोणाचे?’ मी म्हणाले, खारीचे. आपल्याकडे बारीक चित्रांसाठी खारीच्या शेपटीचे कुंचले परंपरेने वापरले जातात. ती काही बोलली नाही. कुंचला खाली ठेवून नुसती माझ्याकडे पाहत राहिली. पाणी गाळून पिणाऱ्या घरात साठ वर्षांच्या बाईच्या हे कधी मनातही येऊ नये!

त्या संध्याकाळी दुकानाच्या माळ्यावरचा जुना माल काढला. सासऱ्यांच्या वेळच्या एका खोक्यात करड्या-तपकिरी पट्ट्यांच्या ताठ केसांचे तीन डझन कुंचले निघाले, ते मुंगसाच्या केसांचे. मुंगूस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या केसांच्या कुंचल्यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. चिरंजीवांनी हिशेब न करता ते खोके वन विभागाच्या कार्यालयात नेऊन दिले. ह्यांनी वहीत तेवढा माल खर्ची टाकला आणि म्हणाले, ‘या तोट्याला तोटा म्हणू नका.’ आपल्यापैकी अनेकांची स्टेशनरीची, कलासाहित्याची दुकाने आहेत. जुन्या मालावर एकदा नजर टाकावी, एवढीच विनंती.

कुंचल्यावरून रंगांकडे वळलो. आयव्हरी ब्लॅक हा काळा हाडे जाळून करतात, त्याऐवजी लॅम्प ब्लॅक किंवा मार्स ब्लॅक घ्यावा. खरा कार्माइन हा लाल किड्यांपासून निघतो. लाखही किड्यांचीच. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा असतो, डिंक झाडाचा. माती, गेरू, काव यांचे रंग खनिज, आणि अ‍ॅक्रिलिकमधील चिकटवणारा पदार्थ कृत्रिम. माती-पाण्यातही जीव मानणाऱ्या आपल्या परंपरेत पूर्ण निर्दोष रंगकाम कोठले असणार! पण जे टाळता येते ते ठाऊक असूनही न टाळणे, याला क्षमा नाही. नायलॉनचे शून्य क्रमांकाचे कुंचले आता चांगले मिळतात. त्यांचे टोक लवकर वाकते हे खरे. गरम पाण्यात क्षणभर बुडवून बोटांनी सरळ केले की पुष्कळदा ताळ्यावर येते. मी आठ दिवस कुरकुर केली, नवव्या दिवशी हात बसला.

देखावा परवा पूर्ण झाला. चाचा पाहायला आले, दोन तांबूस साहींपुढे वाकून बराच वेळ उभे राहिले आणि हसत स्वतःच्या दाढीवरून हात फिरवून गेले. मागच्या वर्षीचा तो लहानगा अजून आलेला नाही. तो येईल तेव्हा काय विचारतो, याची मला उत्सुकता आहे. त्याने ‘हे कोण?’ एवढेच विचारले, तरी आमचे दोन महिने सार्थकी लागले. मग त्याला कथा पहिल्यापासून सांगता येईल.