असिंक कोडची टेस्ट होते, आणि ती लिहिलीच पाहिजे

असिंक कोडचं युनिट टेस्टिंग नीट करताच येत नाही, हे मत प्रोग्रामिंग करणाऱ्यांमध्ये चांगलंच मुरलेलं आहे. त्यामागचा युक्तिवाद पहिल्यांदा ऐकताना पटतोही. प्रोग्राम सर्व्हरला काहीतरी विचारतो, उत्तर कधी येईल हे ठाऊक नसतं, म्हणून थांबून न राहता दुसरं काम हाती घेतो आणि उत्तर आलं की मागचं काम पुढे नेतो. कोणतं उत्तर आधी येईल, कोणतं नंतर, कोणतं येणारच नाही, हे नेटवर्कवर अवलंबून असतं. मग ज्या गोष्टींचा क्रमच ठरलेला नाही, त्यांची टेस्ट लिहून सिद्ध काय होणार? त्यापेक्षा प्रोग्राम चालवून पाहावा, वापरात आणावा आणि चुका दिसतील तशा दुरुस्त कराव्यात, असा या मताचा निष्कर्ष. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि घातकही आहे. ज्या अनिश्चिततेवर तो उभा आहे, ती नेमकी कुठे असते हे पाहण्याची तसदीच त्याने घेतलेली नाही.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापुरात पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी घराघरांत विचारली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. समजा, दर दहा मिनिटांनी ही पातळी सर्व्हरकडून मागवणारा आणि ३९ फूट ओलांडताच नदीकाठच्या लोकांना संदेश पाठवणारा एक छोटा प्रोग्राम कुणी जावास्क्रिप्टमध्ये लिहिला. सहा वाजता त्याने पातळी विचारली, पण उत्तर वाटेत रेंगाळलं. सहा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा विचारली आणि उत्तर लगेच आलं: ३९ फूट २ इंच. इशारा सुरू झाला. त्यानंतर सहाचं रखडलेलं उत्तर येऊन पोचलं: ३८ फूट ११ इंच. शेवटी आलेलं उत्तर तेच ताजं, असं प्रोग्रामने धरलं आणि इशारा मागे घेतला. नदी चढते आहे आणि पडद्यावर ती उतरलेली दिसते आहे. या कोडमधली प्रत्येक ओळ सुटी वाचली तर बरोबर वाटेल. चूक आहे ती दोन उत्तरांच्या क्रमात.

आता ही चूक टेस्टमध्ये पकडता येते का ते पाहू. जावास्क्रिप्टमध्ये एका वेळी एकच काम चालतं. उत्तर येईपर्यंत फंक्शनला थांबवणाऱ्या एका अवेटपासून पुढच्या अवेटपर्यंतचा कोड सलग धावतो, मध्येच दुसरं कुणी येऊन त्याच्या हातातली किंमत बदलू शकत नाही. म्हणजे अनिश्चितता कोडभर पसरलेली नाही. जिथे प्रोग्राम उत्तरासाठी थांबतो त्या जागांपुरतीच ती आहे, आणि या जागा बोट ठेवून दाखवता येतात. पातळी आणणारं फंक्शन प्रोग्रामला बाहेरून दिलं, की टेस्टमध्ये खऱ्या सर्व्हरऐवजी आपल्या हातातली दोन प्रॉमिसं, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तरांच्या जागा धरणाऱ्या वस्तू, देता येतात. दुसरं आधी पूर्ण करायचं, पहिलं नंतर, आणि मग तपासायचं, की नोंदलेली पातळी ३९ फूट २ इंचच आहे ना आणि इशारा कायम आहे ना. यात नेटवर्क नाही, वाट पाहणं नाही, दैवावर सोडलेलं काही नाही. चुकीच्या कोडवर ही टेस्ट दर वेळी नापास होईल. प्रत्येक उत्तरासोबत मोजणीची वेळ ठेवून जुनं उत्तर टाकून देणाऱ्या कोडवर ती दर वेळी पास होईल. क्रम अनिश्चित आहे म्हणून टेस्ट नको, असं म्हणणाऱ्याला हेच उत्तर: क्रम अनिश्चित आहे म्हणूनच प्रत्येक महत्त्वाचा क्रम टेस्टने स्वतः घडवून आणला पाहिजे. वापरात तो क्रम केव्हा घडेल हे सांगता येत नाही. टेस्टमध्ये तो हवा तेव्हा घडवता येतो.

दुसरा पक्ष म्हणतो, टेस्ट लिहू, पण एवढं कशाला? काम सुरू करावं, दोन सेकंद थांबावं आणि मग तपासावं. हा उपाय सोपा आहे म्हणूनच सगळीकडे दिसतो, आणि त्याचा निकालही लागून चुकला आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या ५१ प्रकल्पांतल्या लहरी टेस्टच्या, म्हणजे कोड तोच असताना कधी पास तर कधी नापास होणाऱ्या टेस्टच्या, दुरुस्त्या तपासल्या. ज्यांचं कारण निश्चित करता आलं, त्यांत सुमारे ४५ टक्के दुरुस्त्या एकाच प्रकारच्या चुकीसाठी होत्या: असिंक काम पूर्ण होण्याची नीट वाट न पाहणं. ठरावीक सेकंद थांबणं ही त्याच चुकीची ओळखीची तऱ्हा आहे. आपल्या संगणकावर दोन सेकंद पुरतात, टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर ताण असला की पुरत नाहीत. मग दोनाचे पाच होतात, पाचाचे दहा होतात. टेस्ट मंदावतात आणि भरवशाच्या तरीही होत नाहीत.

अशा वेळी तिसरा पक्ष सल्ला देतो, की नापास झालेली टेस्ट पुन्हा चालवा, पास झाली की पुढे जा. आपल्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये काही ना काही लहरीपणा आहे, असं गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीचीही ही गत असेल तर आपण ते चालवून घ्यावं, असा अर्थ यातून काढला जातो. पण वरच्या उदाहरणातली चूक आठवून पाहा. ती शंभरातून एकदा दिसेल. पुन्हा चालवण्याची सवय त्या एकाच खऱ्या नापास निकालाला खोटं ठरवते आणि उरलेल्या नव्याण्णव वेळांना पुरावा मानते. लहरी टेस्ट एक तर स्वतः चुकीची असते, नाहीतर कोडमधल्या खऱ्या चुकीकडे बोट दाखवत असते. दोन्ही बाबतीत ती उघडून पाहणं हाच मार्ग आहे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप चौथा आहे. हातातली प्रॉमिसं, नकली सर्व्हर, नकली घड्याळ हे सगळं बनावट जग झालं. खरी परीक्षा खऱ्या वापरातच होते, असं अनुभवी माणसंही म्हणतात. यात तथ्य आहे. सर्व्हरने उत्तराचा साचा बदलला किंवा संदेश पाठवणारी सेवा बंद पडली, तर युनिट टेस्टला त्याचा पत्ता लागणार नाही. त्यासाठी सगळे भाग एकत्र जोडून घेतलेल्या टेस्ट लागतातच. पण खरा वापर ही पुरेशी परीक्षा असते, हे मात्र खरं नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातलं ओंटारिओ इथल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या दुपारी ओहायोतल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा निमूटपणे बंद पडली होती आणि ती बंद आहे हे तिथल्या माणसांना तासाभराहून अधिक काळ कळलंच नाही. मुळाशी निघाली ती रेस कंडिशन, म्हणजे दोन कामांच्या वेळा एकमेकींवर आदळून झालेली चूक. ते सॉफ्टवेअर ३० लाखांहून अधिक तास वापरात होतं आणि एवढ्या तासांत ती चूक एकदाही वर आली नव्हती, असं ते बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकनेच नंतर सांगितलं. ती प्रणाली जावास्क्रिप्टमधल्या छोट्या प्रोग्रामपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची होती आणि तिथल्या सगळ्या वेळा हाताने घडवणं सोपं नव्हतं, हे मान्य. पण ३० लाख तासांचा वापर जे दाखवू शकला नाही, ते आपल्याला चार दिवस चालवून पाहिल्यावर दिसेल, या समजुतीला काही आधार उरत नाही. युनिट टेस्ट आणि जोडून घेतलेली टेस्ट दोन्ही का लागतात, ते कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीत दिसतं. तिथे लोखंडाचा वितळलेला रस साच्यात ओतण्याआधी नमुना काढून त्यातलं कार्बन-सिलिकॉनचं प्रमाण तपासतात. पुढे तयार कास्टिंगचीही तपासणी होतेच, म्हणून रसाची तपासणी कुणी सोडून देत नाही.

खंडन इथवर झालं. आता करायचं काय, ते सांगितलं पाहिजे. पहिली गोष्ट, टेस्टने ज्याची वाट पाहायची त्याचीच पाहावी. जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणाऱ्या जेस्टमध्ये एखादं प्रॉमिस नाकारलं जाईल अशी अपेक्षा लिहिली आणि तिच्यापुढे अवेट लिहायचं राहून गेलं, तर तपासणी पुरी होण्याआधीच टेस्ट संपते आणि पास दिसते. पायथनच्या साध्या युनिटटेस्टमध्ये असिंक टेस्ट लिहिली, तर तिच्या आतला कोड धावतच नाही. एक ताकीद छापली जाते आणि टेस्ट पास होते. पायथनने २०१९ मध्ये ३.८ आवृत्तीत असिंक टेस्टसाठी वेगळा क्लास दिला तो याच गरजेपोटी. दुसरी गोष्ट, घड्याळ टेस्टच्या ताब्यात असावं. उत्तर आलं नाही तर दहा-दहा मिनिटांनी तीन वेळा पुन्हा विचारायचं असेल, तर नकली टायमर पुढे सरकवून तो अर्धा तास क्षणात संपवता येतो. मात्र टायमर सरकवताना मधल्या प्रॉमिसांनाही पूर्ण होण्याची संधी द्यावी लागते, आणि जेस्टमध्ये त्यासाठी वेगळी फंक्शनं आहेत. तिसरी गोष्ट, निर्णय आणि प्रतीक्षा वेगळी ठेवावी. ‘३९ फूट ओलांडले का, ही नोंद जुनी आहे का’ हा निर्णय साध्या फंक्शनमध्ये असला, तर त्याच्या टेस्टला असिंकचा स्पर्शही लागत नाही. चौथी गोष्ट, प्रत्येक टेस्ट एकदा नापास होताना पाहावी. कोड मुद्दाम बिघडवूनही जी टेस्ट पास होते, ती काहीच तपासत नसते.

वेळ आणि पैसा यांचा आक्षेप राहिला. चार-पाच जणांच्या कंपनीला हे परवडत नाही, ग्राहक टेस्टचे पैसे देत नाही, असं म्हणतात. ग्राहक टेस्टचे वेगळे पैसे देत नाही हे खरं. पण शंभरातून एकदा दिसणारी चूक शोधायला जे दिवस जातात, त्यांचेही पैसे तो देत नाही. ती चूक मागाहून पुन्हा घडवून दाखवणं हेच सर्वांत महाग काम असतं, आणि क्रम हातात घेणारी टेस्ट तेवढंच काम आधी आणि स्वस्तात करते. लहान कंपनीत तर ज्याने कोड लिहिला तो नोकरी सोडून गेला, की त्या क्रमाबद्दलची त्याची समज टिकते ती टेस्टमध्येच. म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अवेट शिकवतानाच, त्याच तासाला, उत्तरांचे दोन्ही क्रम घडवणारी टेस्ट शिकवावी. कोड तपासणाऱ्यांनी ‘उत्तरं उलट क्रमाने आली तर?’ हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर टेस्टच्या रूपात मागावं. लोक ज्याच्या भरवशावर घर सोडायचं की थांबायचं ते ठरवतात, असा कोड लिहिणाऱ्याने ही टेस्ट लिहिल्याशिवाय तो लोकांच्या हाती देऊ नये.