ऊसवाहतूक आणि जादा भार

जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघालेली एक मालमोटार तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रास जुलै २०२० मध्ये, म्हणजे वर्षाने, पोहोचली. तिजवर ७० टन वजनाचे व साडेसात मीटर उंचीचे यंत्र होते. वाटेत कोठे विजेच्या तारा उतरविल्या, कोठे झाडे तोडली, कोठे रस्ता दुरुस्त केला. त्यात टाळेबंदी आडवी आली. असले ओझे पाहून लोक धास्तावतात. आम्हांस त्याची धास्ती नाही. ते ७४ चाकांवर वाटलेले होते, म्हणजे चाकामागे मालाचा भार टनभरही नाही. शिवाय हाती परवाना आणि पुढेमागे माणसे.

आम्हांस धास्ती वाटते ती आपल्याच उसाची. ट्रॅक्टरामागील दोन चारचाकी ट्रॉल्यांत मिळून २० टन ऊस रचला, तर चाकी अडीच टन पडतात. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची कसोटी घेतली, तीत असे दिसले की, आसावरील भार दुप्पट झाल्यास रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. मग गळीत हंगाम सरताना शिवरस्त्याची चाळण का होते, हे निराळे सांगावयास नको. सावेडीहून राहुरीकडे जाणाऱ्या मनमाड रस्त्यावर हंगामात रात्री पाहावे. कित्येक ट्रॉल्यांस मागे दिवा नाही की तांबडी चकाकती पट्टी नाही. अंधारात त्यांवर आदळणारा दुचाकीस्वार आपल्याच पंचक्रोशीतला असावयाचा.

कोणी म्हणेल, तोडलेला ऊस वाळला की वजन घटते, म्हणून ही घाई. वजन घटते हे खरे. परंतु ते तोड व गाडी यांचा मेळ न बसल्याने. जादा रचल्याने वाचते ती वाहतूकदाराची खेप, कारण त्यास भाडे टनावर मिळते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये दंड ठेविला आहे. त्यासाठी रस्त्यावर शिपाई शोधावयास नको. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेचे वजन पावतीवर चढतेच. महसूल खात्यात कारकुनी करून आम्हांस एवढे कळते की, कसुराची इतकी चोख नोंद क्वचितच हाती लागते. आमची सूचना अशी की, ठरलेल्या मर्यादेवरील टनांस वाहतूकभाडे देऊ नये; उसाचा पैसा मात्र शेतकऱ्यास पुरा द्यावा. आपल्यापैकी बहुतेकजण कारखान्याचे सभासद आहेत. येत्या वार्षिक सभेपूर्वी हा ठराव लेखी द्यावा, व मागे दिवा नसलेली गाडी काट्यावर घेऊ नये, हेही त्यातच लिहावे.