खोडशीचं पाणी टेलला कधी पोचणार?

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर उत्तरेकडून कृष्णा येते, दक्षिणेकडून कोयना येते आणि दोघी समोरासमोर भिडून पूर्वेला वळतात. पाहायला गर्दी होते. पण तिथून थोडं वरच्या अंगाला, कृष्णेवर खोडशीला जो दगडी बंधारा आहे, त्याच्याकडे सहसा कुणी फिरकत नाही. गेल्या दीडशे वर्षांहून जास्त काळ कऱ्हाडपासून पलूसपर्यंतची शिवारं भिजताहेत ती या बंधाऱ्याच्या जिवावर.

१८६० च्या दशकातलं हे काम. पुण्याचं खडकवासला १८७९ साली पुरं झालं, त्याच्याही आधीचं. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, हा सगळा मुलूख साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० साली त्याला सांगली नाव मिळालं. आज बंधारा साताऱ्यात आणि भिजणारी बहुतेक जमीन सांगलीत, अशी स्थिती आहे. टेलच्या माणसाला पाणी का आलं नाही हे विचारायचं तर दुसऱ्या जिल्ह्याकडे बोट दाखवलं जातं, त्याचं मूळ इथंच आहे.

मुळात खोडशी हे धरण नव्हे, हे आधी ध्यानात घेतलं पाहिजे. पुष्कळ जण त्याला धरण म्हणतात आणि मग धरण असून पाणी कसं नाही म्हणून चिडतात. हा वळवणीचा बंधारा. नदी अडवून साठवायची नाही, फक्त पातळी उचलायची आणि डाव्या तीरावरच्या पाटात पाणी घालायचं, एवढंच त्याचं काम. पावसाळ्यात पूर सरळ डोक्यावरून जातो. पाटाच्या तोंडाशी दारं असतात ती पाणी सोडण्या-बंद करण्यासाठी, आणि बंधाऱ्यातल्या खालच्या मोऱ्या साठलेला गाळ धुऊन काढण्यासाठी. या मोऱ्या वेळेवर उघडल्या नाहीत तर गाळ पाटात शिरतो आणि पाट उथळ होतो. मग माथ्याला पाणी फुगतं आणि खाली नुसती ओल पोचते.

पाट नदीपासून एवढ्या वर का काढला, असंही लोक विचारतात. नदी उतारानं खाली जाते, पाटाला मात्र त्याहून कमी उतार दिलेला असतो. त्यामुळे जसजसं पुढं जावं तसतसा पाट नदीच्या वर राहतो आणि मधली जमीन भिजते. ना इंजिन, ना वीजबिल. कृष्णा कालवा असाच ऐंशी किलोमीटरांहून अधिक धावतो. आज उपसा योजनांच्या वीजबिलाचा आकडा पाहिला की जुन्या इंजिनिअरांचं कौतुक वाटतं.

पण एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. बंधारा संगमाच्या वर आहे, म्हणून कोयनेचं पाणी त्याला मिळत नाही. शंभरावर टीएमसीचं कोयना धरण भरलं तरी खोडशीच्या पाटाला त्यातला थेंब येत नाही. संगमाच्या खाली टेंभूला ते पाणी उचलता येतं, इथं नाही. खोडशीला आधार कृष्णा खोऱ्याच्या वरच्या धरणांचा. सत्तरच्या दशकात झालेलं साडेतेरा टीएमसीचं धोम आणि ऐंशीच्या दशकातलं दहा टीएमसीचं कण्हेर ही त्यातली मुख्य. त्यांच्यावर त्यांच्या स्वतःच्या कालव्यांचाही हक्क आहे. ती झाली नव्हती तोवर नदीला असेल तेच पाणी. दिवाळीनंतर धार बारीक होणार आणि उन्हाळ्यात पाट कोरडा पडणार, हे धरूनच लोक ज्वारी-गव्हाचा हिशेब करत.

आज त्याच पाटावर बारा-अठरा महिन्यांचा ऊस उभा आहे. ऊस लावू नका, असं आम्ही म्हणणार नाही. म्हटलं तरी ऐकणार कोण? उसाला भाव ठरलेला, कारखाना जवळ, ज्वारीला मात्र कुणी वाली नाही. पण माथ्याचा शेतकरी रात्रभर दार उघडं ठेवून सरीत पाणी तुंबवतो, तेव्हा दोन नुकसानं एकदम होतात. टेलचा ऊस वाळतो आणि माथ्याच्या रानात क्षार वर येतात. वाळवा-पलूस भागात चोपण झालेली रानं कुणाला दाखवायला नकोत. एकेकाळी खंडीनं पिकणाऱ्या काळ्या मातीत आज नुसता पांढरा थर आहे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या जमिनींवर काम झालं आहे, उपाय ठाऊक आहेत. पण निचऱ्याची चर एकट्यानं काढून भागत नाही, शेजाऱ्यानंही वाट द्यावी लागते.

आमचं म्हणणं एवढंच, की पाळी टेलकडून सुरू व्हावी. हे तत्त्व पाटबंधारे खात्यालाही अमान्य नाही, अडतं ते अंमलात. पाटकऱ्यानं एकट्यानं कुणाकुणाशी वाईटपणा घ्यायचा? २००५ च्या कायद्यानं पाणीवापर संस्थांना पाणी मोजून घेण्याचा अधिकार दिला. ज्या चारीवर संस्था नाही, तिथं सरपंच आणि ग्रामसेवकांनी पुढाकार घ्यावा. संस्था कागदावर असेल तर निदान चारीच्या तोंडाशी मोजपट्टी बसवून रोजची पातळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. फळ्यावर आकडा दिसला की निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

रब्बीच्या पहिल्या आवर्तनाआधी कालवा सल्लागार समितीची बैठक होते. त्या बैठकीला टेलच्या गावांनी पातळीच्या वह्या घेऊन जावं आणि तीन गोष्टी लेखी मागाव्यात: खोडशीच्या मोऱ्या यंदा कधी उघडल्या, पाटातला गाळ कुठवर काढला आणि पाळी कुठल्या गावापासून सुरू होणार. सात नंबरचे अर्जही मुदतीत भरावेत. अर्जच नसेल तर मागणी नव्हती म्हणून सांगायला अधिकारी मोकळा.