मजकूर आणावा, पेहराव नको

आपल्या त्रैमासिकाच्या गेल्या अंकात एक चूक झाली. ती मुद्रकाची नव्हे, संगणकाचीही नव्हे. ती आपली होती, हे प्रारंभीच नमूद करतो. एका दिवंगत सभासदांवरील श्रद्धांजलीपर लेखात त्यांच्या आडनावातील 'ळ' सर्वत्र 'ल' होऊन छापला गेला. अंक पोचल्यावर त्यांच्या कन्येचा दूरध्वनी आला. तक्रारीचा सूर नव्हता. ती म्हणाली, "काका, बाबांनी जन्मभर कचेरीतल्या कागदांवर ल खोडून ळ लिहिला. निदान आपल्या अंकात तरी..." पुढचे वाक्य तिने पुरे केले नाही. ते पुरे करण्याची गरजही नव्हती.

हे कसे घडले, याचा मी शोध घेतला. लेखाचे निम्मे टिपण एका हिंदी स्मरणिकेच्या संगणकीय प्रतीतून उचलले होते, काही भाग भ्रमणध्वनीवरील संदेशातून, तर उरलेला लेखकाने स्वतः टंकित केला होता. सारे तुकडे एकाखाली एक चिकटवले गेले. हिंदी तुकड्याबरोबर 'भाषा हिंदी' अशी अदृश्य चिठ्ठीही आली, आणि लेखकाने आपला मराठी मजकूर त्याच तुकड्याच्या पुढे टंकित केल्याने तीच चिठ्ठी त्यालाही लागली. मग शुद्धलेखन तपासनिसाने मराठी शब्दांखाली तांबड्या नागमोडी रेघा ओढल्या. जुळणी करणाऱ्या होतकरू तरुणाने त्या रेघा म्हणजे चुका समजून सुचवलेले पर्याय भराभर स्वीकारले. 'शाळा'ची 'शाला' झाली, आणि आडनावही त्याच वाटेने गेले.

संगणकावरील मजकुराचे दोन भाग असतात, हे आपण ध्यानात घेत नाही. एक, अक्षरे; दुसरा, त्यांचा पेहराव. टंक, आकार, रंग, ओळींतील अंतर हा दिसणारा पेहराव. आणि भाषेची चिठ्ठी हा न दिसणारा. एका ठिकाणचा मजकूर दुसरीकडे चिकटवताना 'वर्ड' हा प्रोग्रॅम तीन मार्ग देतो. 'कीप सोर्स फॉरमॅटिंग' म्हणजे मूळचा पेहराव तसाच ठेवणे; 'मर्ज फॉरमॅटिंग' म्हणजे आपल्या कागदाचा पेहराव चढवून ठळक व तिरकी अक्षरे तेवढी राखणे; आणि 'कीप टेक्स्ट ओन्ली' म्हणजे केवळ अक्षरे घेणे. माझे म्हणणे स्पष्ट आहे. आपल्या अंकासाठी येणारा परका मजकूर तिसऱ्याच मार्गाने आत यावा. ठळक, तिरके जे हवे ते नंतर हाताने करावे. श्रम पडतील, पडू द्यावेत.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप प्रामाणिकपणाचा. 'लेखकाने जसे दिले तसेच्या तसे छापणे हीच निष्ठा,' असे आपले काही ज्येष्ठ सभासद म्हणतात. त्यांना मी नम्रपणे विचारतो, जावजी दादाजींनी १८६९ साली उभारलेल्या निर्णयसागर छापखान्यात हस्तलिखिते काय एकाच शाईची आणि एकाच वळणाची येत होती? जुळारी लेखकाची शाई पाहत नसे, शब्द पाहत असे, आणि छापखान्याच्या खिळ्यांत तो जुळवत असे. निष्ठा होती ती शब्दाशी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी भोसलेकालीन मोडी कागद आहेत. ते बाळबोधीत उतरवताना आपण मोडीचे वळण आणले नाही. पण एखादा शब्द बदलला असता, तर पूर्वजांचा अपराध झाला असता. रूप टाकून शब्द राखणे ही आपली जुनी रीत आहे, संगणकाने आणलेली नवी टूम नव्हे.

दुसरा आक्षेप बेफिकिरीचा. 'पडद्यावर नीट दिसते ना? मग झाले!' हा युक्तिवाद अधिक घातक, कारण दिसणे आणि असणे यांत किती अंतर असते, हे आपल्याच भागातील कचेऱ्यांनी दाखवून दिले आहे. वर्षानुवर्षे आपण 'कृतिदेव' टंकात काम केले. त्या टंकात 'मराठी' हा शब्द दिसतो खरा, पण संगणकाच्या लेखी तेथे ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरेच असतात. देवनागरी हा तेथे निव्वळ पेहराव! टंक काढून घ्या, मराठी नाहीशी. नोकरीत असताना एका कार्यालयात यंत्र बदलल्यावर जुन्या धारिकांतील टिपणांचे असे रोमन कडबोळे झालेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून 'केवळ अक्षरे घ्या' या माझ्या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कृतिदेव, श्रीलिपी आदी जुन्या टंकांतील मजकूर आधी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा, 'ळ' आणि 'ऱ्य' डोळ्यांखालून घालावेत, आणि मगच चिकटवावा. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला स्वतःची जागा आहे. 'ळ' तेथे 'ळ' म्हणूनच नांदतो, कोणाच्या टंकाच्या कृपेने नव्हे.

मग पेहराव अगदीच क्षुल्लक का? मुळीच नाही. तो आपण ठरवावा, एवढाच आग्रह आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' मराठीसाठी प्रमाण ठरवले. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी 'ल'चा क्रमांक एकच. कोणते रूप उमटावे, हे टंक ठरवतो, आणि काही टंक त्यासाठी ती भाषेची चिठ्ठी वाचतात. म्हणजे चिठ्ठी हिंदीची राहिली, तर मजकूर मराठी असूनही वळण परके उमटते. परका पेहराव नको म्हणणे आणि स्वतःचा नीट नेसणे, या दोन्ही गोष्टी एकत्रच कराव्या लागतात.

त्यासाठी करावयाचे फार थोडे आहे. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड' या क्रमाने गेल्यास 'कट, कॉपी अँड पेस्ट' हा विभाग सापडतो. चिकटवण्याच्या तेथील चारही प्रकारांपुढे 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडावे, म्हणजे दर वेळी आठवण ठेवण्याचा ताप नाही. वर्डच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबूनही तेच साधते. त्यानंतर सर्व मजकूर निवडून 'रिव्ह्यू'मधील 'लँग्वेज'मध्ये मराठी ठरवावी. 'नॉर्मल' शैलीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या नोंदीपुढे आपला देवनागरी टंक व आकार द्यावा. केवळ रोमनचा टंक बदलून देवनागरी बदलत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि तांबडी रेघ दिसली की प्रथम शब्दावर नव्हे, चिठ्ठीवर संशय घ्यावा.

कोणी म्हणेल, एका अक्षरासाठी एवढा खटाटोप कशाला? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा व सौंसर छिंदवाड्यासह मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. कागदावरचे मथळे बदलत गेले. आपण कचेरीत हिंदीत टिपणे लिहिली, मीही आयुष्यभर लिहिली, आणि त्याचा मला यत्किंचितही विषाद नाही. तो पेहराव होता. ज्या राज्याचे मीठ खाल्ले त्याचा तो रास्त मानही होता. परंतु घरी देवघरात, पत्रांत, लग्नपत्रिकेत आपण मजकूर मराठीच राखला. पेहराव बदलून मजकूर राखण्याची ही विद्या आपल्या कुटुंबांना कोणी शिकवावी लागली नाही. ती संगणकापुढे बसताच आपण विसरावी, हे लाजिरवाणे आहे.

पुढील अंकापासून मंडळाने हा नियम लेखी स्वीकारावा, अशी माझी विनंती आहे. त्याच अंकात ती श्रद्धांजली पुन्हा छापावी, संपूर्ण, आणि आडनाव 'ळ'ने. त्या कन्येचे अर्धे राहिलेले वाक्य पुरे करण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.