पेनड्राइव्हवरची देवी

नवरात्र लागले की गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीत पहाटेपासून भोंगे सुरू होतात. धुकेश्वरी देवीच्या दर्शनाला निघालेल्या बाया भोंग्याखालून जातात. वर दुर्गासप्तशतीचा पाठ चालू असतो आणि तो संपायच्या आत त्याच पेनड्राइव्हवरचा रिमिक्स गरबा सुरू होतो. यात देवीची स्तुती नेमके करते कोण?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले 125वे सूक्त म्हणजे देवीसूक्त. ऋचा अवघ्या 8. त्याची ऋषिका म्हणून परंपरा वाक् आंभृणी या स्त्रीचे नाव सांगते. ती देवीपुढे पदर पसरत नाही, देवी होऊनच बोलते. रुद्रासाठी धनुष्य मीच ताणते, असे बजावते. बाईने इतक्या ठसक्यात म्हटलेले सूक्त म्हणायला आपण मात्र भटजी शोधतो. सप्तशतीतही राज्य गेलेला सुरथ आणि बायकापोरांनी हाकललेला समाधी वैश्य नदीकाठी मातीची मूर्ती करून देवीसूक्त स्वतः जपतात. ना मांडव, ना वर्गणी.

त्याच पोथीच्या अकराव्या अध्यायात देवी म्हणते, पाऊस पडेपर्यंत माझ्या देहातून उगवलेल्या भाजीपाल्यावर जग जगवीन. या शाकंभरीची ओळख पोथी न उघडताही इकडच्या माणसाला असते. छत्तीसगड हाकेवर, तिकडच्यासारखेच इथेही टोपलीत माती घालून गहू पेरतात, अंधाऱ्या खोलीत वीतभर पिवळसर जवारे उभे राहतात आणि त्यांच्यापुढे मांदर-झांजेवर देवीच्या स्तुतीचे जस गाणे रंगते. डोंगरगडच्या बमलेश्वरीला पायी जाणारे वाटेत तेच गातात.

जस गायला घसा लागतो, पाठ म्हणायला पाठांतर. भोंग्याला यातले काहीच लागत नाही, म्हणून तो सोपा पडतो.

देवरीच्या मंडळांनी यंदा अष्टमीच्या रात्री पेनड्राइव्ह काढून ठेवावा. माइक आधी जस गाणाऱ्यांना द्यावा, मग गावातल्या मुलींना. देवीसूक्ताच्या 8 ऋचा आणि त्यांचा मराठी अर्थ म्हणायला दहा मिनिटे पुरतात. वर्गणी काही कमी होणार नाही.