आधारचा फोटो जातो कुठे?

रत्नागिरीतल्या एका सायबर कॅफेत बहिणीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडला. आत अनोळखी मुलींची आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले, पासबुकं! मालक म्हणाला, “रोज कोण पुसत बसणार?”

त्याला काय बोलणार? इंजिनिअर असून मीही फोटोची साइज कमी करायला दिसेल त्या साइटवर आधार चढवत होतो. आता ‘स्क्वूश’ वापरतो. गूगलच्या क्रोम टीमची ही फुकट साइट फोटो ब्राउझरमध्येच लहान करते, कुठेही पाठवत नाही. पीडीएफसाठी कंट्रोल-पी पुरतं.

कॅफेत क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इन्कॉग्निटो उघडा. विंडो बंद केली की लॉगिन जातं, पण डाउनलोड केलेली फाइल तिथेच राहते. उठण्याआधी ती शिफ्ट-डिलीट करा.