घोरणं, सायनस आणि मधेच गळून पडलेले शब्द

घोरणं हा आपल्याकडे अजून चेष्टेचाच विषय आहे. लग्नघरात अमक्या मामांच्या खोलीत कोण झोपणार यावर हशा होतो, आणि ‘दिवसभर राबतोय, म्हणून गाढ झोप लागते’ अशी समजूत काढली जाते. जोरात घोरणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत ते नेमकं उलटं असतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. तासाला असं ५ ते १५ वेळा झालं तर सौम्य, ३० च्या वर गेलं तर तीव्र स्लीप अॅप्निया. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटाला एकदा! अशा माणसाचं ब्लड प्रेशर गोळ्या घेऊनही चढं राहू शकतं, आणि दिवसा पेंग येते ती वेगळीच.

माझे मेव्हणे उद्यमबागेतल्या कारखान्यांचा माल घेऊन रात्रीचे हायवेने कोल्हापूर-पुण्याला जातात. चाकावर पेंग म्हणजे काय ते सांगायला नको. त्यांना घेऊन मी एका दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर भला माणूस, पण मराठी येत नव्हतं. मेव्हणे म्हणाले, “डोकं जड असतंय, दिवसभर झापड असते, रात्री जीव घुसमटून उठतो.” शेजारी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने ते दोन शब्दांत सांगितलं: “तलेनोवु, नेगडी.” डोकेदुखी, सर्दी. झापड गेली, घुसमट गेली. कागदावर सायनस आलं, अँटिबायोटिक आलं, नाकात घालायचे थेंब आले. मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये उरलेलं सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. सोबत कोणी नसतं तर?

(हीच गत जत-अक्कलकोटच्या कानडी माणसाची उलट्या बाजूने होत असणार. ती मांडणारेही हवेत.)

सायनसचं थोडं बोलू, कारण तो शब्द आपण फार सैल वापरतो. ‘मला सायनस आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. सायनस सगळ्यांनाच असतात, चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्यांच्या चार जोड्या. त्यांना सूज आली की तो आजार, आणि १२ आठवड्यांहून जास्त टिकला की तो जुनाट. साधी सर्दी बहुतेक वेळा विषाणूची असते, तिथे अँटिबायोटिक काही करत नाही. ‘सायनसचं डोकं’ म्हणून वर्षानुवर्षं सोसलेलं दुखणं पुष्कळदा अर्धशिशी निघतं. आणि मेडिकलमधून स्वतःच आणलेले नाक मोकळं करणारे थेंब! ते चार-पाच दिवसांपुरते असतात. महिनोन् महिने घातले की थेंबांनीच नाक चोंदायला लागतं. कारखान्याच्या धुळीत काम करणाऱ्यांत हे मी सर्रास पाहतो. ‘नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन केलं की घोरणं जाईल’ हेही तसंच. वाकडा पडदा सरळ केल्याने नाक मोकळं होतं, पण घशातला अडथळा तेवढ्याने सहसा जात नाही. त्यासाठी आधी रात्रभराची झोपेची तपासणी लागते. मग कोणाला वजन उतरवणं, कोणाला हवेच्या दाबाचं सीपॅप मशीन, कोणाला ऑपरेशन. हे मशीन १९८१ पासून माहीत आहे, नवं काही नाही.

आता कागदाचं. ऑपरेशनआधी सही घेतात तो संमतीपत्राचा कागद आपल्याकडे कन्नड नाहीतर इंग्रजी असतो. उपचार काय, धोके काय, दुसरे पर्याय काय, हे रुग्णाला पुरेसं सांगून मगच संमती घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलंय. न कळणाऱ्या भाषेत ‘पुरेसं’ कसं होणार? भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तर सरकारनेच मान्य केलेलं आहे. पाटीवरच्या अक्षरांसाठी आपण किती निवेदनं दिली! दवाखान्यातल्या या एका कागदासाठी एकही दिल्याचं मला आठवत नाही. पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे.

तोवर, घरात कोणी घोरताना मधेच गप्प होऊन दचकून श्वास घेत असेल, तर रात्री मोबाईलवर दोन-तीन मिनिटं त्याचा व्हिडिओ काढा. माझ्या बहिणीने काढला होता. डॉक्टरांनी तो दोनदा लावून ऐकला, आणि झोपेच्या तपासणीची तारीख तिथेच दिली.